हिंगोलीचा कापडव्यापारी

निजामी मुलखातील हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा कापडव्यापारी प्रतिष्ठेने वावरत असे. छावणीच्या इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेऊन त्याने वाटेत एका व्यापाऱ्याला ठार केले आणि त्याचेच कापड छावणीत विकले! स्लीमन यांच्या १८३६च्या ग्रंथात ही हकीकत आहे. तेव्हा ठगांची भीती निराधार नव्हती, हे आम्हांस मान्य आहे. पण त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने विशिष्ट खून शाबीत करण्याची गरजच उरली नाही. टोळीशी संबंध, मग तो कायद्यापूर्वीचा का असेना, सिद्ध झाला की जन्मठेप. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदारांचा. स्वतःचा गळा सोडवू पाहणारा माणूस दुसऱ्याचे नाव घेणारच. स्लीमन यांच्या पानोपानी हेच साक्षीदार बोलतात. ज्यांची नावे घेतली गेली, त्यांचा आवाज आम्ही अजून शोधतो आहोत.