बेवारशी ठरविलेली दौलत

ज्या मिळकतीस वारस नाहीं ती सरकारजमा व्हावी, हा नियम जुना. मराठी अमदानींत अशा मालास ‘बेतलमाल’ म्हणत. पण वारस नाहीं हें ठरवावयाचें कोणीं? ठरविणाराच धनी होणार असेल तर?

11 डिसेंबर 1853 रोजीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. वृद्ध बांकाबाई व राण्या आप्तांपैकीं यशवंतराव अहिररावांस दत्तक घेण्यास सिद्ध होत्या. तथापि लॉर्ड डलहौसीनें दत्तक नामंजूर करून 1854 सालीं राज्य खालसा केलें. वाड्यांतील जडजवाहीरही ताब्यांत घेतलें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कवडीमोलानें विकले गेले. जवाहीर लिलांवासाठीं कलकत्त्यास रवाना झालें. राण्यांनीं खलिते लिहिले, थेट विलायतेपर्यंत वकील धाडले. माल म्हणे बेवारशी, आणि वारस दारांत उभे! विक्रीच्या पैशांतून ‘भोसले फंड’ निघाला व त्यांतून राजघराण्यास नेमणुका मिळूं लागल्या. म्हणजे घरच्याच पैशावर पेन्शन.

1857 च्या धामधुमीनंतर वारें पालटलें. दत्तक गेलेल्या यशवंतरावांस, म्हणजेच जानोजींस, सरकारनें वारस मानलें. सातारा जिल्ह्यांतील देऊरची जहागीर व ‘राजेबहादूर’ हा किताब दिला. नागपूरचें राज्य मात्र परत मिळालें नाहीं.