हंटिंग्टन रोग : आनुवंशिकतेचे ज्ञान आणि कलंकाचा इतिहास

हंटिंग्टन रोग हा मेंदूचा आनुवंशिक विकार असून त्याची लक्षणे बहुधा वयाच्या तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, अडखळते बोलणे, स्वभावातील बदल, नैराश्य व क्रमाक्रमाने होणारा बुद्धिभ्रंश ही त्यातील प्रमुख होत. प्रस्तुत लेखात या रोगाच्या आकलनाचा इतिहास तपासावयाचा आहे.

१८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने 'कोरिया' या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. निबंधाचा बराचसा भाग सामान्य कोरियाविषयी आहे. आनुवंशिक प्रकाराचे वर्णन अखेरीस, जवळजवळ पुरवणीसारखे येते. लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन येथे त्याचे आजोबा व वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांची निरीक्षणे हाताशी असल्यामुळेच एका नवख्या डॉक्टरला अनेक पिढ्यांतील रोगक्रम पाहता आला. आनुवंशिकता, वेड व आत्महत्येकडे कल आणि प्रौढ वयातील प्रादुर्भाव ही तीन वैशिष्ट्ये त्याने नोंदविली. एखादी व्यक्ती रोगातून सुटली, तर तिच्या संततीत तो पुन्हा प्रकटत नाही, हेही त्याने सांगितले. मेंडेलचे संशोधन तेव्हा उपेक्षित होते, हे लक्षात घेता हे निरीक्षण असामान्य ठरते.

परंतु या ज्ञानाचा पुढील उपयोग सुखद नाही. चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने १९१६ मध्ये या रोगाच्या वंशावळी सुप्रजननशास्त्राच्या प्रचारार्थ मांडल्या. १९३२ मध्ये पी. आर. व्हेसी याने अमेरिकेतील रोगी कुटुंबांचे मूळ इंग्लंडमधील सफोकच्या बुरेस गावी शोधून, त्यांतील स्त्रियांचा चेटकिणी म्हणून छळ झाल्याचे प्रतिपादन केले. पुढील संशोधनात या वंशावळीचे दुवे टिकले नाहीत. तथापि ही कथा पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ फिरत राहिली. सुरस कथेपुढे पुराव्याची छाननी मागे पडते, याचा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. जर्मनीत १४ जुलै १९३३ च्या कायद्याने सक्तीच्या निर्बीजीकरणासाठी ज्या रोगांची यादी केली, तीत आनुवंशिक कोरियाचे नाव स्पष्टपणे होते. ज्या माहितीवरून डॉक्टर निदान करीत, तीच शासनाने शिक्षेसारखी वापरली.

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे अमेरिको नेग्रेते या डॉक्टरने १९५५ मध्ये दाखविले होते. तेथील कुटुंबांची वंशावळ व रक्तनमुने नॅन्सी वेक्स्लर व सहकाऱ्यांनी गोळा केले. त्यांच्या साहाय्याने १९८३ मध्ये जनुकाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाले आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले. त्यातील सीएजी या त्रिकाची पुनरावृत्ती चाळीस वा अधिक वेळा झाल्यास सामान्य आयुर्मानात रोग होतोच. सदोष हंटिंग्टिन प्रथिनामुळे मेंदूच्या खोल भागातील चेतापेशी नष्ट होतात. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास हा वारसा मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. माराकाइबोतील दरिद्री कुटुंबांच्या रक्तातून हे ज्ञान मिळाले. त्यांच्या वाट्याला त्याचा लाभ मात्र फारच थोडा आला.

आता लक्षणे दिसण्यापूर्वीच चाचणी करता येते. रोग रोखणारा उपचार मात्र हाती नाही. त्यामुळे जोखमीत असलेल्या अनेक व्यक्ती चाचणी टाळतात. वेक्स्लर यांच्या आईचा मृत्यू १९७८ मध्ये याच रोगाने झाला होता. आपणही या रोगाने ग्रस्त आहोत, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले.