मानवी जनुकीय विविधतेचे खुले माहितीकोश

माणसामाणसांच्या डीएनएतील फरकांच्या, इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येणाऱ्या नोंदी. जनुकात कोणत्या जागी काय बदलले, तो बदल कोणत्या लोकसमूहात किती आढळतो आणि त्याने आजार होतो का, हे त्यांत शोधता येते. डीबीएसएनपी बदलांना क्रमांक देतो, क्लिनव्हार रोगसंबंध नोंदवतो. लोकसमूहांतली वारंवारता देणाऱ्या नोमॅडच्या २०२३ च्या आवृत्तीत ८,०७,१६२ व्यक्तींची माहिती आहे. २००१ मध्ये सुरू झालेला एचबीव्हार फक्त हिमोग्लोबिनच्या बदलांचा.

ठाणे जिल्ह्यात या कोशांची खरी गरज बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारासाठी पडते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसली. १९४९ मध्ये या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. भारतात या आजाराचे वाहक शंभरात तीन-चार. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा आपापसांत लग्ने करणाऱ्या समाजांत ते बरेच अधिक. वाहक स्वतः धडधाकट असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. वाहक कोण, हे रक्ताच्या एचबीए-टू चाचणीतून कळते. गर्भाच्या तपासणीसाठी मात्र आईवडिलांमधला नेमका बदल आधी हाती असावा लागतो.

भारतात या आजारामागे सर्वाधिक आढळणारा 'आयव्हीएस १-५' हा बदल अकराव्या गुणसूत्रावरच्या एचबीबी जनुकात असतो: एका जागी डीएनएचे जी हे अक्षर जाऊन सी आलेले. डीबीएसएनपीत तो आरएस ३३९१५२१७ या क्रमांकाखाली सापडतो. सिंधी व लोहाणा कुटुंबांत वरचेवर दिसणाऱ्या दुसऱ्या बदलात याच जनुकातली ६१९ अक्षरे सलग गळालेली असतात. एकेका अक्षराचे बदल मोजणाऱ्या तक्त्यांतून एवढी मोठी गळती निसटू शकते. तिच्यासाठी एचबीव्हार पाहणे आवश्यक.

या कोशांची मोठी उणीव, नमुने कोणाचे घेतले यात आहे. '१००० जीनोम' प्रकल्पातील २,५०४ व्यक्तींमध्ये भारतीय उपखंडाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकी तमिळ, बांगलादेशातले बंगाली, लाहोरचे पंजाबी. मराठी गट नाही. मानवी जीनोम विविधता प्रकल्पाच्या (एचजीडीपी) संग्रहात सिंधी आहेत, पण पाकिस्तानातले; भारतातला एकही समूह त्यात नाही. पिढ्यान्‌पिढ्या लग्नसंबंध वेगळे राहिल्याने ते नमुने उल्हासनगरच्या सिंध्यांच्या जागी धरता येत नाहीत. नोमॅडमधील 'दक्षिण आशियाई' आकडा तर अनेक समाजांची सरासरी. तिच्यात दुर्मीळ ठरलेला बदल एखाद्या समाजात घरोघरी असू शकतो.

दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेच्या इंडिजीनोम्स या खुल्या कोशात १,०२९ भारतीयांतील बदलांची वारंवारता पाहता येते. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा सुमारे दहा हजार जीनोमांचा साठा ९ जानेवारी २०२५ रोजी फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून खुला झाला, तोही अर्ज करणाऱ्या संशोधकांपुरता. समाजनिहाय वारंवारता तरी, व्यक्तींची ओळख झाकून, सर्वांना दिसायला हवी. सध्या कल्याण-डोंबिवलीतल्या जोडप्याचा अहवाल वाचताना कोशातल्या आकड्याआधी दोन्ही घरांचा समाज आणि मूळ गाव विचारावे लागते.