तळखडा

नववीत आपली सहल वाईजवळच्या मेणवलीला गेली होती, आठवते? नाना फडणवीसांचा वाडा पाहायला. आपले निम्मे लक्ष कृष्णेच्या घाटावरच्या घंटेकडे होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा. तिच्यावरचे १७०७ साल वाचण्यासाठी आपण एकमेकांच्या खांद्यावर चढलो आणि बोलणी खाल्ली.

इतिहासाच्या सरांनी मात्र वाड्याचे सहा चौक दाखवत वहीत नावे लिहायला लावली : जोते, दिंडी दरवाजा, ओसरी, सोपा, माजघर, बळद, तुळई, कडीपाट. एका खांबाशी ते थांबले. सागवानी खांब जमिनीत पुरलेला नव्हता, दगडी तळखड्यावर उभा होता. "लाकडाला जमिनीची ओल लागू द्यायची नाही. आणि भार पेलतो तो खांब, भिंत नुसता आडोसा," सर म्हणाले. मी लिहून घेतले आणि विसरलो.

पुढे नोकरीने मला सांगलीला आणले. गावभागात जुने घर घेतले. मेणवलीचीच कृष्णा इथेही शेजारी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ती ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर परतलो तर मागची भेंड्याची भिंत विरघळून चिखल झाली होती. उन्हात वाळवलेली माती ती, किती टिकणार? पण वर पाहिले तर कडीपाट जागेवर. तुळया खांबांवर, खांब तळखड्यांवर, तळखडे दगडी जोत्यावर.

सगळे पाडून नवे बांधा, असा सल्ला अनेकांनी दिला. मी जाणत्या सुताराला बोलावले. त्याने प्रत्येक खांब ठोकून पाहिला, एकच बदलायला सांगितला. भिंत पक्क्या विटांची घातली. सांगाडा जुनाच ठेवला.

पाण्याजवळ दगड, त्यावर लाकूड आणि जी पडली तरी पुन्हा उभी करता येईल अशी भिंत. नदीकाठी घर बांधणाऱ्या जुन्या माणसांचा हा हिशेब मला चिखलात उभे राहून कळला.

संमेलनाला सर येणार आहेत. सर, ती वही पुरात गेली. पण नावे पाठ आहेत, विचारून पाहा.