स्वप्नशैलीचा भयपट

स्वप्नशैलीचा भयपट : भयपटाचा एक प्रवाह. यात घटनांची कार्यकारणसाखळी जाणूनबुजून सैल ठेवलेली असते आणि स्थळ, प्रकाश व संथ गती यांतून भीती साकारते. प्रेक्षकाला दचकवण्यापेक्षा त्याला बेचैन ठेवण्यावर भर असतो. फ्रान्समधील रक्तपिपासूपटांत, विशेषतः झाँ रोलँ (१९३८–२०१०) याच्या चित्रपटांत, या शैलीचा सर्वांत ठळक आविष्कार दिसतो. मराठी मुलखाच्या मातीतून आलेला तिच्या जवळचा नमुना म्हणजे राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट.

लक्षणे : निर्मनुष्य स्थळे, तुटक संवाद, पात्रांच्या हेतूंबद्दल मौन, दिवसाउजेडी घडणारे अद्भुत. पिशाच कुठून आले याचा खुलासा क्वचितच मिळतो. कथानक विसरले जाते, जागा मात्र लक्षात राहते. ही या शैलीची खरी कसोटी होय.

पूर्वपीठिका : लुई फयादची ‘ले व्हांपीर’ (१९१५–१६) ही मूकपटमालिका नावाने रक्तपिपासूंची असली, तरी प्रत्यक्षात पॅरिसमधील गुन्हेगारी टोळीची कथा आहे. खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर आणि छपरांवर अकल्पित गोष्टी घडवण्याची तिची रीत पुढच्यांना मार्गदर्शक ठरली. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थेओडोर ड्रायर याने फ्रान्समधील कूर्तांपिएर गावाच्या परिसरात चित्रित केलेला ‘व्हँपीर’ (१९३२) हा या शैलीचा आद्यग्रंथच म्हणता येईल. छायालेखक रुडॉल्फ माते याने भिंगासमोर तलम जाळीचे कापड धरून धूसर करडा प्रकाश मिळवला. नायक शवपेटीत पडून, झाकणाच्या काचेतून, स्वतःचीच अंत्ययात्रा पाहतो. वर झाडांचे शेंडे आणि आभाळ सरकत जाते. पाहणारा जिवंत की मृत हे ठरत नाही. अखेरीस खलप्रवृत्तीचा डॉक्टर पिठाच्या गिरणीत, वरून पडणाऱ्या पांढऱ्या पिठाखाली गुदमरून मरतो.

झाँ रोलँ : याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘ल व्हियोल द्यु व्हांपीर’ मे १९६८मध्ये, विद्यार्थी-कामगार आंदोलनाने पॅरिस ठप्प असताना प्रदर्शित झाला. मुळात एका जुन्या अमेरिकी चित्रपटाला जोड म्हणून केलेल्या लघुपटाला पुढचा भाग जोडून तो लांबवलेला होता. प्रेक्षक संतापले, चित्रपटगृहांत गोंधळ झाला. त्यानंतर ‘ला व्हांपीर न्यू’ (१९७०), ‘ल फ्रिसों दे व्हांपीर’ (१९७१), ‘लेव्र द साँ’ (१९७५), ‘फासिनासियों’ (१९७९) हे चित्रपट आले. ‘ल फ्रिसों दे व्हांपीर’मध्ये मध्यरात्री उंच लंबकाच्या घड्याळाचे दार उघडते आणि आतून रक्तपिपासू स्त्री बाहेर येते. द्येपजवळील पूरव्हिलचा गोट्यांचा समुद्रकिनारा, त्याचे पांढरे कडे आणि पाण्यात उभे कुजलेले लाकडी खांब त्याच्या अनेक चित्रपटांत पुन्हा पुन्हा येतात. पैशाची चणचण कायमची असल्याने तो तयार स्थळांवर विसंबला आणि त्यातूनच त्याची शैली घडली, असे मानले जाते. त्याच्या चित्रपटांतील नग्नतेविषयी टीकाकारांत एकमत नाही.

मराठी परंपरा : प्रेतात शिरून झाडाला लोंबकळणारा आणि राजाला रात्रभर गोष्टी सांगणारा वेताळ संस्कृत कथासंग्रहांतून ‘वेताळ पंचविशी’च्या रूपाने मराठी घराघरांत पोचला. आधुनिक भयकथा नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी रुजवली. मराठी पडद्यावर मात्र भूत बहुधा विनोदाच्या अंगाने आले. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) व ‘झपाटलेला’ (१९९३) ही त्याची लोकप्रिय उदाहरणे.

तुंबाड : दिग्दर्शक राही बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकांचे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३मध्ये विदर्भातील नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची कथा सांगितली आणि तिथून चित्रपटाचे बीज पडले. पहिला मसुदा १९९७चा. चित्रीकरण २०१२मध्ये सुरू झाले आणि मोठा भाग पुढे नव्याने चित्रित झाला. सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी, छायालेखक पंकज कुमार; निर्माता व नायक सोहम शाह. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देते. कथेचा तिच्याशी संबंध नाही.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याने सोने घेतले, धान्य घेऊ पाहिले, आणि तेव्हापासून तो देवीच्या गर्भात उपाशी आहे. नायक विनायक तुंबाडच्या वाड्यातील विहिरीतून दोराने देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा खाली पाडून घ्यायच्या. गर्भाच्या भिंती लाल, ओल्या, मांसल आहेत, उजेड कंदिलापुरता. ड्रायरच्या गिरणीत पीठ जीव घेते, इथे तेच माणसाला वाचवते.

रक्तपिपासूपटाशी खरे नाते चित्रपटातील म्हातारीत आहे. हस्तरच्या तावडीतून ती सुटली, पण मरण गमावून बसली. साखळदंडात बांधलेली ही बाई हस्तरचे नाव काढताच झोपी जाते. पंधरा वर्षांनी विनायक परततो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते, तरी काळीज धडधडतेच. मरण नाकारले जाणे ही शिक्षा आहे, हा रक्तपिपासूपटाचा गाभा इथे पूर्णपणे देशी रूपात उतरला आहे. म्हातारीची भूमिका, तसेच विनायकच्या मुलाची, मोहम्मद समद या बालकलावंताने केली.

सासवडच्या पुरंदरे वाड्यातील चित्रीकरण आणि चित्रपटभर कोसळणारा पाऊस यांमुळे स्थळालाच पात्राचे वजन आले आहे. पूरव्हिलचा किनारा रोलँला जे देतो, तेच इथे पावसात भिजलेला वाडा देतो. कथानक मात्र नीतिकथेसारखे घट्ट असल्याने हा चित्रपट या प्रवाहात बसवावा की लोककथापटांत, याविषयी मतभेद संभवतात. व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होण्याचा मान मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

संगीत : शीर्षकगीत अजय-अतुल, पार्श्वसंगीत डेन्मार्कचे येस्पर किड.

प्रदर्शन : १२ ऑक्टोबर २०१८. सप्टेंबर २०२४मधील पुनःप्रदर्शनात उत्पन्न पहिल्या खेपेपेक्षा अधिक झाले.

वऱ्हाडातील सामग्री : या शैलीला लागणारा ऐवज अमरावती व अकोला जिल्ह्यांत मुबलक आहे. गावोगावी पाटील-देशमुखांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या उभ्या आहेत. गढीखाली धन पुरले आहे आणि कुणीतरी त्याची राखण करते, ही समजूत वऱ्हाडी माणसाला नवी नाही. ‘तुंबाड’मधील वाड्याची भीती आणि गढीची भीती एकाच मुळाची आहे. पावसाळी धुक्यातील गाविलगड, अकोट तालुक्यातील नरनाळा, चिखलदऱ्याची कीचकवधाची आख्यायिका हेही याच वर्गातले. गुप्तधनाच्या समजुतीने प्रत्यक्षात बळीही घेतले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांना गुन्हा ठरवले. म्हणून या विषयावरचा चित्रपट समजूत पोसणारा नसावा. ‘तुंबाड’ ही मर्यादा पाळतो, कारण त्यात धन मिळते आणि माणूस संपतो.

मूल्यमापन : रोलँने उभी हयात एका किनाऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले, म्हणून तो किनारा जगाच्या भयपटात नोंदला गेला. वऱ्हाडाकडे असे पाहणारा दिग्दर्शक अजून पुढे यायचा आहे. मातीच्या गढ्या पावसाळ्यागणिक खचत आहेत आणि त्यांच्या गोष्टी सांगणारी पिढी थकली आहे. गढ्यांचे चित्रण आणि त्यांभोवतीच्या कथांचे संकलन या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी व अभ्यासकांनी तातडीने हाती घ्यावे.