भिंतीवर टांगलेला दानीएल

1842च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, प्रभू येशूच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्यांची परिषद भरली होती. चार्ल्स फिच हे पाळक आणि त्यांचे सहकारी अपोलोस हेल यांनी कापडावर रंगवलेला एक मोठा तक्ता सभेपुढे उलगडला. त्यावर नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातला पुतळा होता: सोन्याचे डोके, रुप्याची छाती, पितळेचे पोट, लोखंडाचे पाय, लोखंड आणि मातीची पावले. दानीएलाला दिसलेली श्वापदे होती: सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचा तो नाव नसलेला भयंकर पशू. एडका आणि बकरा होता, प्रकटीकरणातले प्राणी होते. या चित्रांच्या कडेने सनांच्या ओळी खाली उतरत होत्या आणि सगळे हिशेब एकाच आकड्याशी येऊन थांबत होते: 1843. परिषदेने या तक्त्याच्या तीनशे प्रती शिळाछापावर काढायचे ठरवले.

ख्रिस्ती सुवार्तेच्या इतिहासात इतका बोलका तक्ता क्वचितच झाला असेल. तो मुळात कोणाचा, कुठून आला, हे शोधत गेले की बोस्टनपासून फार दूर जावे लागते.

त्याचे सगळ्यात जुने मूळ पवित्र शास्त्रातच आहे. गणना या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात कनान देश हेरायला लागलेल्या चाळीस दिवसांबद्दल इस्राएलाला चाळीस वर्षे रानात काढायची शिक्षा मिळते. यहेज्केलाला एका कुशीवर निजून राहायला सांगितले जाते आणि तिथेही प्रत्येक दिवस एका वर्षाच्या जागी धरला जातो. या दोन वचनांवरून पुढच्या भाष्यकारांनी नियम काढला की संदेष्ट्यांच्या दृष्टान्तातला एक दिवस म्हणजे इतिहासातले एक वर्ष. हा नियम एकदा मान्य केला की दानीएलाच्या आणि योहानाच्या पुस्तकांतले 1260, 1290, 1335 आणि 2300 हे दिवस शतकांएवढे लांब होतात. आणि शतके म्हटली की ती कुठून कुठवर, हे दाखवायला रेघ लागतेच.

रेघ ओढणाऱ्यांत मोठे नाव इटलीतल्या कालाब्रियाच्या योआकिम या मठाधिपतीचे. 1202 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांनी इतिहासाचे तीन युगांत भाग पाडले, पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे, आणि ते समजावायला एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, झाडे, सात डोक्यांचा अजगर अशी चित्रे वापरली. त्यांच्यामागे आलेल्या अनुयायांनी 1260 या आकड्यावर भिस्त ठेवली. 1260 साल आले आणि गेले. पार्माचे सालिंबेने नावाचे फ्रान्सिस्कन बखरकार सुरुवातीला या शिकवणीने भारावलेले होते. त्यांनी नंतर ती सोडून दिली, असे ते स्वतःच लिहून ठेवतात. बोस्टनच्या आधी सहा शतके घडलेली ही गोष्ट 1842च्या परिषदेत कोणी मांडली असती, तर फार बरे झाले असते असे मला मनापासून वाटते.

पुढे 1627 साली केंब्रिजचे जोसेफ मीड यांनी प्रकटीकरणातले कोणते दृष्टान्त एकाच काळाबद्दल बोलतात याची जुळणी लावली. मजकुरात मागे-पुढे आलेली चित्रे काळाच्या हिशेबात शेजारी-शेजारी बसवता येतात, हे त्यांनी दाखवले. तक्त्यावर पुतळ्याची मांडी आणि चित्त्याचे पंख दोन्ही ग्रीस म्हणून वाचायचे, ही दृष्टी त्याच घराण्यातली. न्यूटन यांचे दानीएल आणि प्रकटीकरणावरचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर 1733 साली छापले गेले. जोसेफ प्रीस्टली यांनी 1765 आणि 1769 साली चरित्रांचे आणि साम्राज्यांचे तक्ते काढले. त्यात काळ डावीकडून उजवीकडे सरळ मापात वाहतो. इतिहास एका नजरेत पाहायची सवय सामान्य वाचकाला त्यामुळे लागली.

मग येतात विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचे शेतकरी. तारुण्यात बायबलवरचा विश्वास उडालेला. 1812च्या युद्धात कप्तान म्हणून लढले. 1816 साली पुन्हा विश्वासात आले. जुने मित्र विचारू लागले की शास्त्रातल्या विसंगतींचे काय. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून मिलर बायबल आणि क्रूडनची शब्दसूची एवढेच समोर घेऊन उत्पत्तीपासून वाचायला बसले. एक वचन उमगल्याशिवाय पुढचे घ्यायचे नाही. दोन वर्षांनी ते दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या 2300 दिवसांवर स्थिरावले. अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षी एज्राला यरुशलेमेस जायची परवानगी मिळाली, ते साल इ.स.पू. 457. 2300 मधून 457 गेले, उरले 1843. पवित्रस्थानाची शुद्धी म्हणजे प्रभूच्या येण्याने पृथ्वीची शुद्धी, असा अर्थ त्यांनी लावला. 1831 पर्यंत त्यांनी जाहीर उपदेश केला नाही. इतकी वर्षे तो हिशेब उराशी धरून गप्प राहिलेला हा माणूस प्रसिद्धीच्या हव्यासाने बोलू लागला, असे कोणी म्हटले तर मी ते मानणार नाही.

प्रसिद्धी आणली ती बोस्टनचे पाळक जोशुआ हाइम्स यांनी. 1840 पासून वृत्तपत्र, पुस्तिका, नंतर हजारो माणसे मावतील असा प्रचंड तंबू. फिच आणि हेल यांच्या तक्त्याला या सगळ्यात नेमकी जागा मिळाली. त्यांना स्वतःला तो केवळ साधन वाटत नव्हता. दृष्टान्त पाट्यांवर असा स्पष्ट लिही की वाचणाऱ्याला धावता यावे, ही हबक्कूकाला झालेली आज्ञा आपण पाळतो आहोत, अशी त्यांची श्रद्धा होती.

शिळाछापाची ही कला तेव्हा मुंबईतही नवी नव्हती. बोस्टनमध्येच मुख्यालय असलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली अहमदनगरला स्थिरावले. त्यांच्या छापखान्यातले काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि 1831 साली मराठी पंचांग छापले. पुनरागमनाची घाई मुंबई-गोव्याला अगदी अनोळखी होती असेही नाही. यहुदी घरात जन्मून ख्रिस्ती झालेले जोसेफ वोल्फ 1830च्या दशकात बुखाऱ्याहून हिंदुस्थानात उतरले, गोवा आणि मुंबईतून गेले. त्यांच्या हिशेबात ते साल 1847 होते. मिलर यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

बोस्टनच्या त्या तक्त्याचे मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसते. जुन्या भाष्यकारांचे जाडजूड ग्रंथ लॅटिनमध्ये होते, विद्यापीठांत होते. तक्त्यासमोर मात्र गवंडी, शिवणकाम करणारी बाई, शेतमजूर असे सगळे उभे राहत आणि बायबल उघडून एकेक आकडा स्वतः पडताळत. उपदेशकाने काठीने सोन्याचे डोके दाखवले की बाबेल, छाती दाखवली की मेद आणि पारस. 538 मध्ये 1260 मिळवा, 1798 येतात. त्या साली फ्रेंच फौजेने पोपला कैद केले होते, आणि ते आठवणारी माणसे सभेत बसलेली असत. 508 मध्ये 1335 मिळवा, 1843. 2520 वर्षांच्या आणखी एका मुदतीतून 677 वजा करा, पुन्हा 1843. शास्त्र आपल्यालाही कळू शकते, हा धीर त्या कापडाने हजारोंना दिला.

त्याच कापडाने घातही केला. मिलर स्वतः एक तारीख सांगत नव्हते. 21 मार्च 1843 ते 21 मार्च 1844 एवढी मुदत त्यांनी सांगितली होती. चित्राला मुदत दाखवता येत नाही. तिथे ठळक आकडा होता आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या बेरजा त्याच आकड्याला मिळाल्याने शंका घ्यायला जागा राहिली नाही. शिवाय त्या आकड्यात चूक होती. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येते, मध्ये शून्य साल नाही. पूर्ण 2300 वर्षे भरायची तर 457च्या पहिल्या दिवसापासून 1843च्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजावे लागते. एज्रा तर यरुशलेमेस पाचव्या महिन्यात पोहोचला. हिशेब 1844 मध्ये सरकला. ऑगस्टमध्ये एक्झिटर इथल्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो यांची मांडणी सर्वांनी उचलली: सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, 22 ऑक्टोबर 1844. कित्येकांनी पिके उभीच ठेवली. फिच यांनी बोचऱ्या थंडीत बाप्तिस्मे दिले, त्यातून आजारी पडले आणि 14 ऑक्टोबरला वारले.

22 तारीख उलटली. प्रभू आला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हायरम एडसन यांनी लिहून ठेवले आहे की ते सगळे पहाटेपर्यंत रडले. या माणसांची टिंगल करणारे लेखन पुष्कळ झाले आहे. मला ते वाचवत नाही. त्यांनी आपल्या प्रभूची वाट पाहिली होती.

पांगलेल्यांतल्या एका लहान गटाने शुद्ध व्हायचे पवित्रस्थान स्वर्गातले आहे असा अर्थ लावला आणि शब्बाथ पाळायला सुरुवात केली. काही वर्षे तर त्यांना वाटत होते की इतरांसाठी तारणाचे दार आता बंद झाले. सुवार्ता सांगायचे कारणच उरले नव्हते. ती समजूत सुटायला वेळ लागला. 1850 साली ऑटिस निकोल्स यांनी नवा तक्ता काढला, 1863 साली जेम्स व्हाइट यांनी आणखी एक. या शेवटच्या तक्त्यातून 2520 वर्षांची ओळ गेली आणि प्रभूच्या येण्याचे साल कुठेच लिहिले गेले नाही. त्याच वर्षी सुमारे साडेतीन हजार सभासदांची सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी रीतसर स्थापन झाली. साल गेल्यावर जग मोकळे झाले, असे मी म्हणेन. दिवस मोजायचे नाहीत म्हटल्यावर दूरदेशी जायला, भाषा शिकायला, शाळा आणि दवाखाने बांधायला वेळ मिळाला. 1874 साली जॉन अँड्र्यूज हे विधुर पाळक दोन मुलांना घेऊन बोस्टनच्याच बंदरातून युरोपला निघाले. मंडळीने परदेशी पाठवलेले ते पहिले मिशनरी.

हिंदुस्थानात 1893 साली मद्रासला दोन पुस्तकविके आले. 1895 साली जॉर्जिया बरस एकट्या कलकत्त्याला उतरल्या, बंगाली शिकल्या आणि जनान्यातल्या स्त्रियांना शिकवू लागल्या. तीन वर्षांनी आलेले विल्यम स्पायसर तिथे मासिक चालवू लागले. त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आज पुण्यात औंध रस्त्यावर आहे आणि मंडळीचा छापखाना सॅलिसबरी पार्कात. या मंडळीच्या सुवार्तासभांची सुरुवात अजूनही बहुधा दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायाने होते, फक्त आता चित्र पडद्यावर उमटते.