वर्धेच्या दोन तीरांवर

मारेगावच्या काळ्या शिवारातून निघून वर्धा नदी गाठावी, ती ओलांडून प्रवाहाच्या उलट दिशेने वणेच्या संगमापर्यंत चालावे आणि तेथून वणेच्या काठाकाठाने हिंगणघाटास पोहोचावे, असा जो मार्ग आहे, त्यावर विदर्भातील कापसाचा सारा इतिहास क्रमाने भेटत जातो. गिरणीच्या गावाचे वर्णन करणारे बहुधा धुरांड्यापासून आरंभ करतात; परंतु धुरांडे हा त्या कथेचा उत्तरार्ध आहे, आणि तिचा पूर्वार्ध मारेगावसारख्या गावांच्या पऱ्हाटीत, वेचणीला आरंभ करण्यापूर्वी दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करणाऱ्या कुणब्याच्या शेतात घडलेला आहे.

आज सहज ओलांडता येणारी ही वर्धा नदी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून निसटला आणि निजामाच्या दौलतीत सामील झाला. पूर्वेकडील हिंगणघाट मात्र भोसल्यांकडेच राहिले. १८५३ साली निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि अशा रीतीने दोन्ही तीरांवर एकाच सत्तेचा अंमल सुरू झाला. तरीही दप्तरे वेगळीच राहिली: अलीकडचा मुलूख वऱ्हाडातील वणी जिल्ह्यात, ज्याला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले, आणि पलीकडचा मध्यप्रांतात.

रेल्वेपूर्वी या प्रदेशाचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे वऱ्हाडातून थेट गंगातीरीच्या मिर्झापूरपर्यंत माल नेत. वाटेत धूळ बसे, पावसाने भिजे, आणि शेकडो कोसांच्या त्या प्रवासात रुईचा कस उतरे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या मागांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा विलायतेची दृष्टी या खोऱ्याकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला; पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून जी शाखा काढण्यात आली, तिच्या वाटेवर हिंगणघाट आले. कापूस, कोळसा आणि नदीचे पाणी या तिहींचा असा योग जुळल्यावर गिरणीस विलंब लागण्याचे कारण उरले नाही. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. हिंगणघाटास १८८१ मध्ये बन्सीलाल अबीरचंद यांची आणि १८९८ मध्ये रेखचंद मोहता यांची गिरणी उभी राहिली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ पासून कापसाचा बाजार सरकारी नियमांखाली आला आणि १८९७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. अडत्ये, दलाल, माप आणि धारण यांवर कायद्याची देखरेख असावी, ही कल्पना या देशात प्रथम याच मातीत रुजली.

या वैभवाच्या पोटातच एक हानी दडलेली होती. हिंगणघाटचे नाव ज्या कापसाने विलायतेच्या बाजारापर्यंत नेले, तो ‘बनी’ जातीचा, लांब, मऊ आणि रेशमासारख्या धाग्याचा कापूस होता. पूर्वी घरोघरी बायका लाकडी रेच्यावर सरकी काढीत, आणि त्यामुळे ज्या शेताचा कापूस त्याच शेताची सरकी पुढच्या पेरणीस हाती राही. जिन आल्यावर हा क्रम मोडला. जिनमध्ये चामड्याचा रूळ तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि खालीवर हलणारी पट्टी तिला खाली पाडते. दहा गावांच्या बंड्या एकाच ढिगावर रिकाम्या झाल्या, की त्या ढिगातून निघालेल्या सरकीला ना गाव राही, ना जात. तीच सरकी पुन्हा शेतात गेली. शिवाय बनीत रुईचे प्रमाण कमी आणि ‘जरी’ या आखूड, भरड जातीत ते अधिक. व्यापारी तोलावर पैसे देई, तंतूच्या लांबीचा मोबदला शेतकऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचे. सरकारी धारा भरावयाचा असलेल्या कुणब्याने जरी पेरली, यात त्याचा दोष कोणता? ज्या यंत्रांनी हिंगणघाट उभे केले, त्यांच्याच ओघात हिंगणघाटचा कापूस नाहीसा झाला.

पुढे गिरण्यांचेही दिवस फिरले. बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली आणि कालांतराने थांबली. हजारो कुटुंबांचे जीवन ज्या भोंग्याच्या वेळेवर चाले, तो भोंगा बंद पडला. गिरणी कामगारांच्या हालांविषयी आपण हळहळतो आणि ते उचितच आहे. परंतु त्याच सुताच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मारेगावचा कापूस उत्पादक आपल्या गिरणीच्या इतिहासात अद्याप यावयाचा आहे. भांडवलदारांच्या नावांच्या शिळा गिरण्यांच्या भिंतींवर आहेत; बनी जपणाऱ्या शेतकऱ्यांची आणि सरकी निवडणाऱ्या बायकांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. ती आठवण ज्या वृद्धांपाशी अजून उरली आहे, त्यांच्याकडून ती वर्धेच्या दोन्ही तीरांवरील शाळांनी आणि ग्रंथालयांनी आताच लिहून घेतली पाहिजे. कारण गिरणी बांधण्यास दोन वर्षे पुरतात, परंतु बनीसारखे बियाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून सिद्ध होते, आणि ते घडविणाऱ्यांचे ऋण या प्रदेशावर अधिक जुने आहे.